अर्ध्या पोटाचा स्वयंपाक

पहिली पाळी सुटायला अजून बराच अवकाश होता, आणि शेजारचे भाऊजी आमच्या दारात उभे होते. ते आणि माझे यजमान चिंचवडच्या एकाच कंपनीत, एकाच मशीन शॉपमध्ये कामाला. हे लेथवर, ते मिलिंगवर. भाऊजींच्या निळ्या शर्टाच्या बाहीवर काळपट डाग होता. मला तो तेलाचा वाटला.

"वहिनी, घाबरू नका, पण चप्पल घाला आणि चला," ते म्हणाले. "मशीनवर उभा असतानाच त्याला उलटी झाली. रक्ताची झाली. कंपनीच्या गाडीतून पुण्याला नेलंय."

स्टोव्हवर आमटी उकळत होती. ती तशीच उतरवून मी निघाले. बसमध्ये भाऊजी काहीबाही धीराचं बोलत होते, पण माझी नजर त्या बाहीवरून हलत नव्हती.

यांना अल्सर आहे हे आम्हाला ठाऊक होतं. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. दर आठवड्याला पाळी बदलायची, तशी जेवणाची वेळ बदलायची. मधे रिकाम्या पोटी चहा, वर तंबाखू. पोटात आग पडली की हे खायचा सोडा पाण्यात ढवळून प्यायचे, मोठी ढेकर द्यायचे आणि "गेलं बघ" म्हणून कामावर जायचे. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "डॉक्टर सुट्टी घ्यायला सांगतो. दुसरं काय सांगतो?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. ते म्हणाले, "रक्त थांबलंय. पण पोटाचा अर्ध्याहून जास्त भाग काढावा लागला."

मी विचारलं, "मग हे जेवणार कुठं?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "उरलंय त्यात." मग त्यांनी हाताचा द्रोण केला, तोही पुरता नाही. "एका वेळी एवढंच. पण दिवसातून पुष्कळ वेळा. मऊ, बारीक, बिनसालीचं. जेवताना पाणी नाही, पाणी मधल्या वेळात. गोड जवळजवळ नाहीच. आणि जेवण झालं की थोडं आडवं व्हायचं. इथून पुढचं औषध म्हणजे तुमचं स्वयंपाकघर आहे, बाई."

ते निघून गेले. मी तिथंच उभी राहून माझ्या हाताचा द्रोण करून बघितला. आमच्या घरात यांचं ताट म्हणजे परातीच्या खालोखाल. दोन भाकऱ्या, वर भाताचा डोंगर, त्यात आमटीचं तळं. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच, की यांना वाढताना हात आखडायचा नाही.

दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी चिंचवडगावातल्या भांड्यांच्या दुकानात गेले. आमच्या मांडणीत सगळी भांडी मोठी होती. मला अगदी लहान वाटी हवी होती, जिच्यात डॉक्टरांच्या हातातलं "एवढं" मावेल आणि तरी ती भरलेली दिसेल. मोठ्या वाटीच्या तळाशी चार घास बघून यांचं मन खचेल, असं मला वाटत होतं. दुकानदारानं फळीवरून एक बोळकं काढलं, पितळी, आतून कल्हई केलेलं. मी म्हटलं, "स्टीलची द्या. आणि चमचा? चहाच्या चमच्याहून लहान?"

"आहे की." त्यानं हसत हसत लांब दांड्याचा, टोकाला नखाएवढा खोलगट असलेला चमचा समोर ठेवला. "कधी आहे बारसं?"

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. दुकानात आमच्या चाळीतली एक बाई उभी होती. तिनं माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं. मी पैसे मोजून दिले. घरी पोचले तेव्हा दोघीतिघी जणी जिन्यात थांबून माझ्याकडे हसून बघत होत्या. त्यांना खरं काय ते सांगताना मला रडू फुटलं, आणि त्यांना वाटलं मी यांच्यासाठी रडतेय. तसंही होतंच ते.

हे घरी आले. पोटावर छातीच्या हाडाखालपासून बेंबीपर्यंत टाके. पहिल्या दिवशी मी मूगडाळीचं पाणी वाटीत घेऊन समोर ठेवलं आणि तो चमचा पुढे केला.

यांनी तो उलटासुलटा करून बघितला. "हे काय?"

"हळूहळू खायला. मोठ्या चमच्यानं घाई होते."

"लोकांना कळलं तर शॉपमध्ये खुळखुळा आणून देतील मला," हे म्हणाले. पण खाल्लं. निम्मी वाटी खाल्ली आणि मान फिरवली. "पोट भरलं." मला ते खरंच वाटेना. हे असं म्हणताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग सासूबाई आल्या. त्या मावळात, तळेगावच्याही पलीकडे राहायच्या. धाकट्या दिराच्या गळ्यात पिशव्या अडकवून पॅसेंजरनं आल्या. पिशव्यांत तांदूळ, गावठी तूप, गूळ, पोह्यांची पुरचुंडी. दारातूनच लेकाला बघितलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

"आरं देवा. हाडं निगाली माज्या लेकराची."

दीर दुसऱ्या दिवशी परत गेला, त्या राहिल्या. मला आधार वाटला, आणि भीतीही. मी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलवली. पण मी ती लहान वाटी भरली की त्या तोंडाला पदर लावून बाहेर गॅलरीत जायच्या. एकदा मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "चिमनीला घालत्यात असं. मानूस काय ह्याच्यावर जगतं व्हय?"

खरं सांगायचं तर ही शंका मलाही होती. यांच्या गालांची हाडं रोज थोडी थोडी वर येत होती.

एका सकाळी मी रॉकेलच्या रांगेत गेले होते. रांग लांब होती आणि घरी सासूबाई होत्या म्हणून मी निवांत उभी होते. परत आले तेव्हा दार सताड उघडं होतं. हे खाटेवर बसलेले, चेहरा राखेसारखा, कपाळावरून घाम टपटप गळत होता. सासूबाई त्यांच्या नाकाला फोडलेला कांदा लावत होत्या आणि दुसऱ्या हातानं त्यांना बसतं धरून ठेवत होत्या.

"छाती... फुटतीय," हे म्हणाले. "मी चाललो गं."

माझ्या हातातला कॅन खाली पडला. मनगट धरलं तर नाडी पळत होती. मला डॉक्टरांचं एकच वाक्य आठवलं, जेवण झालं की आडवं व्हायचं. जेवल्यावर आडवं. म्हणजे उभं राहून, बसून काहीतरी होत असणार. मी उशी काढून फेकली.

"आई, सोडा त्यांना. झोपू द्या."

"आगं, भोवळ आलीय त्याला, झोपला तर उटायचा न्हाई..."

"सोडा म्हणते ना!"

मी त्यांचा हात ओढून काढला आणि यांना सपाट झोपवलं. शर्टाची बटणं काढली, ओल्या फडक्यानं तोंड पुसत राहिले. पोटात कळा येत होत्या, हे पाय पोटाशी घेत होते. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो. हळूहळू नाडी उतरली. ओठांवर रंग आला. हे थकून झोपले, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर आमटीची मोठी वाटी होती, बोटानं चाटून पुसल्यासारखी स्वच्छ.

"आई, काय दिलं होतं?"

"खीर." त्या दारात उभ्या होत्या. "गव्हाची. गूळ, तूप घालून. त्यानंच मागितली. पोटभर खाल्ली, किती दिसांनी. इख न्हाई दिलं मी माज्या लेकाला."

"त्यांच्यासाठी आता ते विषच आहे, आई."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. त्या गॅलरीत जाऊन बसल्या आणि दिवसभर अन्नाला शिवल्या नाहीत. संध्याकाळी भाऊजी पुण्याला जाऊन डॉक्टरांना विचारून आले. गोड पातळ पदार्थ उरलेल्या पोटात थांबत नाही, सरळ पुढे आतड्यात पडतो, आणि मग असं होतं. जिवाला धोका नाही, पण पुन्हा होऊ देऊ नका, असा निरोप होता. तो मी सासूबाईंना सावकाश समजावून सांगितला. "म्हंजी माज्या खिरीनं मरत नव्हता त्यो?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्या पाणी प्यायल्या.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. हे खायलाच घाबरायला लागले.

मी वाटी समोर ठेवली की हे तिच्याकडे साप बघावा तसे बघायचे. एक चमचा तोंडात घेऊन चावत राहायचे, चावत राहायचे, आणि मग हळूच फडक्यात थुंकायचे. चुकून शेंगेचा धागा किंवा डाळीचं टरफल जिभेला लागलं की वाटी बाजूला. "आत अडकलं म्हणजे?" मी मूग शिजवून गाळणीतून काढायचे, गाजर किसून उकडायचे, भात रवीनं घोटायचे. दूध बिनसाखरेचं. अंडं अर्धं कच्चं. प्रत्येक वेळी वाटायचं, हे नक्की खातील. आणि प्रत्येक वेळी मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसायचे, घोट खाली उतरतो की नाही. शेवटी एकदा हे ओरडले, "असं टक लावून बघू नकोस! घास नरड्यातच थांबतो."

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठी घातली. यांना बाहेर बसवून मला म्हणाले, "जखम उत्तम भरलीय. पण वजन असंच उतरत राहिलं तर मला पुन्हा दाखल करून घ्यावं लागेल. त्यांना खायला लावा." कसं लावायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी माळ्यावरून पुरणयंत्र काढलं. माहेरहून आलेलं, पितळी, ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळायचं, वरून घालायचं आणि दांडा फिरवायचा. होळीखेरीज ते कधी खाली आलं नव्हतं. मी त्यातून शिजवलेली डाळ, दुधी, बटाटा, सगळं एकत्र काढायला लागले. हात भरून यायचे. एके दिवशी दांडा फिरवता फिरवता मी टेकले, तर सासूबाईंनी मला बाजूला सारलं.

"सर. तुज्या हातात जोर हाय कुटं."

त्या दिवसापासून यंत्र त्यांच्याकडे गेलं. दातओठ खाऊन फिरवायच्या. खाली पडलेलं बोटानं चाचपून बघायच्या आणि गाठ लागली की पुन्हा वर टाकायच्या. तरीही मटाराची सालं, दोडक्याच्या शिरा त्या जाळीतून खाली यायच्याच. आणि हे त्या बरोब्बर शोधून काढायचे.

एका रविवारी मी वैतागून यंत्र खोललं आणि धुवायला मोरीत ठेवलं. हे खाटेवर पडून बघत होते. अचानक म्हणाले, "ती जाळी इकडं दे."

मी ओली जाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडासमोर धरली, अंगठ्यानं कड चाचपली, मग यंत्राचं पातं मागितलं आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून फिरवून बघितली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत मला ओळखीचं काहीतरी दिसलं. लेथवर एखादा जॉब लावताना कसे दिसत असतील, तसं असावं ते. मी कधी पाहिलं नव्हतं.

"ही पुरणाची जाळी. हिची भोकं मोठी," हे म्हणाले. "आणि पातं हिच्यावर टेकतच नाही. मधे फट आहे. वाटलं जात नाही, नुसतं ढकललं जातं. भाऊला हाक मार."

भाऊजी आले. दोघांनी खाली डोकी घालून काहीतरी ठरवलं. भोसरीला भाऊजींच्या ओळखीच्या एकाचं वर्कशॉप होतं, रविवारीही उघडं असायचं. हे म्हणाले, "मी जाऊन येतो."

"तुम्ही?" मी म्हटलं. "मोरीपर्यंत जाताना भिंत धरता. भाऊजींना सांगा काय करायचं ते."

"सांगून होत नाही ते."

सासूबाई आडव्या आल्या. "टाकं उसवत्याल रं."

"आई, टाके कधीच काढलेत," हे म्हणाले आणि शर्ट घालायला लागले. शर्टात आणखी एक माणूस मावला असता.

भाऊजींच्या स्कूटरवर मागे बसून हे गेले. मी त्यांच्याबरोबर फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात घोटलेला भात दिला होता. दुपार झाली, कलली. रस्त्याला तेव्हा खड्डे किती होते ते तिकडं राहणाऱ्यालाच माहीत. प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला मी गॅलरीत जात होते आणि सासूबाई तर तिथून हललेल्याच नव्हत्या. माझ्या मनात नको नको ते येत होतं. भोवळ येऊन मागच्या मागे पडले असतील. पुन्हा रक्त पडलं असेल. स्टोव्हपुढं जावं तर हात चालेना.

ते आले तेव्हा भाऊजींनी यांना बगलेत धरून जिना चढवला. चेहरा पांढराफटक होता. पण हातात मशीन पुसायच्या कॉटन वेस्टच्या चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलं होतं. स्टीलची नवी चकती. तिच्यावर अगदी बारीक भोकं, एका ओळीत, एकाला एक लागून, आणि कडेला खाच, पातं नेमकं बसेल अशी.

"ड्रिल ह्यानंच मारलं," भाऊजी म्हणाले. "मी म्हटलं बस, मी मारतो. ऐकतोय कुठला. स्टूल घेऊन बसला मशीनपुढं."

मी चकती चिंचेनं घासली, साबणानं धुतली, पाण्यात उकळली. यांनी स्वतः ती यंत्रात बसवली, स्क्रू आवळला. सासूबाईंनी दांडा धरला. सकाळचा दुधी, मूगडाळ आणि उकडलेलं अंडं मी वरून घातलं. दांडा जड गेला, पण खाली जे आलं ते लोण्यासारखं होतं. त्यात गाठ नव्हती, साल नव्हती. यांनी बोटावर घेऊन जिभेला लावलं, टाळूवर फिरवलं. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या होतो, आणि मी मुद्दाम भिंतीकडे बघत होते.

"मीठ कमी आहे," हे म्हणाले.

मी मीठ घातलं. हे खाटेवर बसले आणि वाटी संपवली. मग आडवे झाले. काही झालं नाही. दिवेलागणीला पुन्हा मागितलं.

वजन उतरायचं थांबलं. वाढत मात्र नव्हतं. कंपनीनं हलकं काम दिलं, टूल रूममध्ये बसून. कॅन्टीनचं जेवण चालणारं नव्हतं, म्हणून पिंपरी कॅम्पातल्या बाजारातून मी रुंद तोंडाचा थर्मास आणला आणि लहान लहान डबे. थर्मासात घोटलेलं गरम जेवण, एका डब्यात पाट्यावर वाटलेलं मटण, एकात ताकातला मऊ भात. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी हटकलं, कामाच्या वेळेत जेवायचं नाही म्हणून. यांनी शर्ट वर केला आणि व्रण दाखवला. पुन्हा कोणी हटकलं नाही. पोरं चिडवायची, "काय राव, आज बाळाला कोणती पेज?" हे घरी येऊन ते सांगायचे. सांगताना हसत असायचे, म्हणून मी निर्धास्त झाले.

निर्धास्त झाले, आणि संत्री आली.

थंडीचे दिवस होते. शॉपमधला कुणी तरी नागपूरकडून करंडी घेऊन आला होता. सगळ्यांनी खाल्ली, यांनीही खाल्ली. फळ आहे, पातळ आहे, आंबटगोड म्हणजे फार गोडही नाही. फोडी तोंडात टाकायच्या, थोडं दाबून रस गिळायचा आणि मागोमाग चोथाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी घरी आल्यावर ते काही बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात कळ आली. थांबली. पुन्हा आली, जोरानं. पोट फुगलं. मग उलट्या सुरू झाल्या, हिरव्या, कडू. प्रत्येक उलटीला मी आधी रंग बघत होते. रक्त नव्हतं. पण कळ आली की हे उशी चावत होते, आणि ती गेली की पुढची येईपर्यंत माझा हात धरून ठेवत होते.

भाऊजींनी कुणाचा तरी टेम्पो आणला. मागच्या हौद्यात गादी टाकून यांना झोपवलं, एका बाजूला मी, एका बाजूला सासूबाई. रेल्वे फाटक बंद. मालगाडी येत होती, डब्यामागून डबे, संपतच नव्हती. सासूबाई गाडीकडे बघून हात जोडत होत्या. हे माझ्या कानाशी म्हणाले, "पुन्हा कापायला देऊ नकोस मला. मी नाही सोसणार."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी पोटावर हात ठेवला, स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि मला विचारलं, "काय खायला घातलंत?"

मी सगळं सांगितलं. सगळं घोटलेलं, गाळलेलं, वाटलेलं. सांगताना मला रडू येत होतं, कारण यात चूक कुठं होती ते मला सापडत नव्हतं.

"घरचं नाही," हे खाटेवरून पुटपुटले. "संत्री. शॉपमध्ये."

डॉक्टरांनी मान हलवली. संत्र्याच्या फोडीचा पांढरा पापुद्रा अर्ध्या पोटात विरघळत नाही. त्याचा लगदा होतो आणि तो पुढं आतड्यात जाऊन बुचासारखा बसतो. नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवू, सलाइन देऊ, थांबून बघू. "आपोआप सरकलं तर उत्तम. उद्यापर्यंत सरकलं नाही, तर उघडावं लागेल." मग त्यांनी यांच्या दंडाकडे बघितलं, जिथं हाडावर नुसती कातडी होती, आणि आवाज उतरवला. "मला ते करायची इच्छा नाही."

"सरकलं हे कसं कळेल?" मी विचारलं.

"वारा सरेल. पोटातला गॅस खालून गेला की समजायचं वाट मोकळी झाली."

सासूबाईंनी ते नीट ऐकलं. त्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या आणि जरा वेळ गेला की मोठ्या आवाजात विचारायच्या, "बाळा, वारा सरला का रं?" सगळा वॉर्ड ऐकायचा. हे नाकात नळी असतानाच मान हलवायचे, नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आधी हसला. मग तोही वाट बघायला लागला. संध्याकाळी तोच विचारत होता, "सरला का हो?" पोट तट्ट होतं. कळा येत होत्या तोवर डॉक्टर म्हणत होते, ठीक आहे, आतडं ढकलतंय. मग कळा कमी झाल्या, आणि नर्सनं येऊन पोट दाबून बघितलं आणि ती घाईनं परत गेली, तेव्हा मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. ती रात्र तशीच सरली.

सकाळी फॉर्म घेऊन कुणीतरी आलं. सही हवी होती. मी पेन हातात घेतलं आणि यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. टेम्पोत दिलेलं "बरं" माझ्या तोंडात कडू झालं होतं.

"जरा थांबा," सासूबाई त्या माणसाला म्हणाल्या. उठल्या, यांच्या पोटावर तळवा ठेवला आणि गोल गोल फिरवायला लागल्या, लहान मुलाचं पोट चोळतात तसा, अगदी हलक्या हातानं. तो माणूस घड्याळाकडे बघत उभा होता. मी पेन धरून उभी होते.

यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर आधी भीती आली, मग लाज आली.

"आई," हे म्हणाले. "सरला."

"आं?"

"सरला म्हणतोय ना!"

म्हाताऱ्यानं खाटेवरून टाळी वाजवली. सासूबाईंनी त्या फॉर्मवाल्याला हात जोडले, जसं काही त्यानंच केलं. दुपारपर्यंत पोट मऊ झालं. डॉक्टरांनी येऊन ऐकलं, ऐकतच राहिले, आणि स्टेथोस्कोप कानातून काढून म्हणाले, "तुम्ही फार नशीबवान आहात. संत्रं खायचंच असेल तर रस काढून, गाळून. मला कबूल करा." यांनी कबूल केलं.

घरी आलो त्या दुपारी यांना वाटीभर घोटलेला भात दिला, त्यांनी खाल्ला आणि ते आडवे झाले. मी भांडी आवरायला वळले, तर सासूबाईंनी माझा दंड धरला. धरलेला दंड त्यांनी चाचपून बघितला, आणि मग मला खांद्याला दाबून पाटावर बसवलं.

"बस हितं."

"मला भूक नाही, आई."

"मी इचारलंय का?"

त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं. मोठं ताट, यांचं. त्यात गरम भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा, भाताची मूद आणि तिच्यावर त्यांचं गावठी तूप. त्या हे सगळं केव्हा करत होत्या ते मला कळलंही नव्हतं. गेले कित्येक महिने मी यांच्या वाटीत उरलेलं खरवडून खात होते, उभ्या उभ्या, किंवा ते न खाल्लेलं बघून माझीच भूक मरायची. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या आलं होतं.

"त्याचं पोट कापलंया," त्या म्हणाल्या. "तुजं न्हाई. खा."

त्या समोर मांडी घालून बसल्या आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागल्या, मी यांच्याकडे बघायचे तशा. मला तोंड उघडवेना. मग खाटेवरून हे म्हणाले, "आई, बघू नकोस तिच्याकडं. घास नरड्यात थांबतो." सासूबाईंनी हसून तोंड फिरवलं. मी भाकरीचा तुकडा मोडला.

हे पुढं त्याच कंपनीत बरीच वर्षं काम करत राहिले, पाळ्या मात्र पुन्हा लावल्या नाहीत. पूर्वीचं शरीर आलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आणि इंजेक्शनं चालू राहिली. लग्नाच्या पंगतीत ते कोपऱ्यातली जागा धरायचे, वाढप्याला हात आडवा करायचे आणि सगळ्यांच्या शेवटी उठायचे, कारण एवढंसं जेवायलाही त्यांना तेवढाच वेळ लागायचा. ऐंशी सालाच्या आसपास आम्ही विजेवरचा मिक्सर घेतला. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच कायमच्या राहायला आल्या होत्या. मिक्सरच्या आवाजाला त्या कानांवर हात ठेवायच्या, झाकण काढून आत बोट फिरवून बघायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, की अजून थोडं फिरू दे.